बापावर गेलेलं रोप

मोठीमाय रोप उपटायची तेव्हा वाफ्यातली माती हलत नसे. दोन बोटं बुडाशी, अंगठा वरून, जरासा पीळ, की मुळासकट रोप हातात. ते ती डोळ्यांजवळ नेत नसे. मांडीपाशीच एकदा फिरवायची आणि पुटपुटायची, "आईवर गेलं." पुढचं उचलायची. "आईवर गेलं." पुढचं. "आईवर." असं करता करता एखाद्या रोपाशी हात थांबायचा. ते मात्र वर उजेडात जायचं. पानाच्या देठावरून ती अंगठ्याचं नख फिरवायची, काटा चाचपायची आणि म्हणायची, "हे बापावर गेलं."

तिच्यापुढे तीन ढीग असत. आईवर गेलेली रोपं ओल्या गोणपाटाखाली, लावायला तयार. वाकड्या मुळाची, मरतुकडी रोपं उकिरड्याच्या टोपलीत. आणि बापावर गेलेली ती मूठभर रोपं एका फुटक्या घमेल्यात, वर चार बोटं माती टाकून, बाजूला.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. मृग लागला होता आणि शाळा उघडायला आठ-दहा दिवस होते. पांढुर्णा-सौंसर रस्त्यापासून जरा आत मोठीमायची पाऊण एकराची पन्हेरी होती. रोपवाटिकेला आमच्याकडे पन्हेरीच म्हणतात. जंबेरीचं ताजं बी गादीवाफ्यात टाकायचं. रोपं वीतभर झाली की उपटून, निवडून दुसऱ्या वाफ्यात हारीनं लावायची. पेन्सिलीएवढी जाड झाली की दिवाळीनंतर त्यांच्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा. खाली जंबेरी, वर संत्रं. बगीच्यातून जाणाऱ्याला वरचं संत्रं दिसतं, खालच्या खुंटाकडे कोणी वाकून पाहत नाही. मोठीमाय खुंट पाहणारी होती. बाबांच्या थोरल्या चुलतभावाची ती बायको. नवरा लवकर गेला, पन्हेरी तिनं सोडली नाही. अक्षरओळख नव्हती. हिशोब भिंतीवर गेरूच्या रेघांनी.

त्या भिंतीवर आमच्या घराच्याही रेघा होत्या.

बाबांनी सौंसरकडच्या आमच्या शेतात २२० संत्र्याची कलमं लावली होती. ती मोठीमायकडची नव्हती. दूरच्या एका पन्हेरीत स्वस्त मिळाली म्हणून गाडी भरून आणली. कोणाची ते सांगत नाही. पाच वर्षं आम्ही त्या झाडांना विहिरीचं पाणी दिलं, शेणखत दिलं, आईनं कानातलं मोडून मोटरचे पैसे भरले. सातव्या वर्षी बगीचा उभा राहिला तो असा, की एका ओळीत एक झाड घराच्या वळचणीला टेकेल एवढं आणि त्याच्या शेजारचं माझ्या छातीएवढं. एकाला आंबिया बहार गच्च, दुसऱ्याला पानंसुद्धा मोजकी. बाबांनी माती बदलली, आळी बदलली, फवारण्या केल्या. कोणी सांगितलं जमिनीत चुना जास्त आहे, कोणी सांगितलं नजर लागली आहे.

मोठीमाय एका सकाळी बैलगाडीनं आली. झाडांच्या शेंड्याकडे तिनं पाहिलंच नाही. बुडाशी बसली, डोळा बांधल्याच्या जागेखाली खुंटातून फुटलेले धुमारे शोधले आणि प्रत्येक झाडाच्या धुमाऱ्याचं एक-एक पान खुडून पदरात टाकत गेली. वीस-पंचवीस झाडं झाल्यावर बांधावर पदर पसरला. मी शेजारी उभी होते. संत्र्याची पानं म्हणून मला जी एकसारखी दिसायची, ती तिथं एकमेकांची कोणीच लागत नव्हती. एक लांबट, एक गोलसर, एकाच्या देठाला कागदाएवढी बारीक कड, तर एकाच्या देठाला चांगला पंख. "वरचं संत्रं एकच हाय," ती बाबांना म्हणाली, "खालचे पाय वेगवेगळे. चालन कसं?"

ज्यानं ती कलमं विकली त्यानं रोपं निवडली नव्हती. वाफ्यात जे उगवलं त्या सगळ्यावर डोळे बांधून मोकळा झाला होता. बाबांनी झाडं काढली तो दिवस मला आठवतो, पण त्यावर जास्त लिहवत नाही.

त्यानंतर मोठीमायनं १४० कलमं दिली. पैसे घेतले नाहीत. "पहिला बहार आला का दे," एवढं म्हणाली. पहिला बहार गारपिटीनं झोडपून नेला. दुसऱ्या बहाराचे पैसे सावकाराकडे गेले. भिंतीवरच्या रेघा तशाच राहिल्या आणि आईला त्या झोपू देत नसत. मग दर जूनमध्ये आई मला पन्हेरीत धाडू लागली, निवडणीला एक हात म्हणून. फेडता येत नाही तर निदान अंगमेहनतीनं थोडं हलकं व्हावं, हा तिचा विचार. मला वाटायचं मी कर्ज फेडते आहे. प्रत्यक्षात ते वाढत होतं.

पहिल्या वर्षी तिनं मला नुसतं बघायला लावलं. दुसऱ्या वर्षी हातात रोप दिलं. "पान पाय. मंग देठ पाय. मंग काटा. मंग मूळ. उलटं नको जाऊ." तिचा क्रम कधी बदलला नाही. शंभरातली बहुतेक रोपं इतकी सारखी असत की एकाच साच्यातून काढावीत तशी, आणि म्हणूनच निराळं रोप हाताला आधी कळायचं, डोळ्याला नंतर. एका बीतून कधी दोन, कधी तीन अंकुर यायचे, एकमेकांना चिकटून. ते सोडवताना ती नेहमी थांबायची. भावंडांतलं एखादंच वेगळं निघायचं.

"मंग हे फेकून कायले नाही देत?" मी घमेल्यातल्या रोपांबद्दल विचारलं.

"फेकायचं कायले? खुंट म्हणून नाही चालत. झाड म्हणून चालन."

ती रोपं पावसात पन्हेरीच्या धुऱ्यावर, निंबाच्या सावलीपलीकडे लावली जायची. त्यांच्यावर डोळा कधी बांधला नाही. कित्येक मेली. काही वाढली, काटेरी, आडमुठी. मी तिकडे लक्ष दिलं नाही. मला त्या वयात एकसारखेपणाचीच गोडी लागली होती.

अकरावीला मी पांढुर्ण्याला आले आणि जीवशास्त्राला सर भेटले. पुस्तक हिंदी. माझं प्राथमिक शिक्षण मराठीतलं, घरात झाडीपट्टी-वऱ्हाडी मिसळलेली बोली, रस्त्यावर हिंदी. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या तेव्हा आमचा पट्टा मध्य प्रदेशात राहिला आणि बोलणं मराठीत, त्याला आता तीन पिढ्या झाल्या. (२०२३ पासून पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला आहे. तेव्हा आम्ही छिंदवाड्यात होतो.) या दोन भाषांच्या मधे मी पहिल्याच धड्यात अडकले. हिंदीत लोक 'प्रजाति' म्हणतात ती स्पीशीज. मराठी विश्वकोशात 'प्रजाती' म्हणजे जीनस आणि स्पीशीज म्हणजे 'जाती'. एकच शब्द सीमा ओलांडल्यावर एक पायरी वर चढत होता. त्यातून शेतकऱ्याची 'जात' तिसरीच, कपाशीची जात, तुरीची जात. आणि चौथी, जी अनोळखी माणूस पाणी पिण्याआधी विचारतो ती.

सरांनी फळ्यावर व्याख्या लिहिलीच नाही. "उद्या पानं आणा," म्हणाले. "संत्रं, मोसंबी, लिंबू, जंबेरी, बेल, कवठ. प्रत्येकी दहा."

दुसऱ्या दिवशी टेबलावर पानांचा ढीग. सरांनी खिशातून दहापटीचं भिंग काढलं आणि संत्र्याचं एक पान मला धरायला दिलं. "देठ जिथं पानाला मिळतो तिथं पाहा." तिथं एक सांधा होता. बोटाच्या पेराला असावा तसा. रोज पाहिलेल्या पानात मी तो कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी शेजारी बेलाचं पान ठेवलं, तीन दलांचं, आणि कवठाचं, पाच-सात दलांचं. "हे सगळे एका कुळातले. संत्र्याचं पान साधं दिसतं, पण ते संयुक्त पानच आहे. बाकीची दलं राहिली नाहीत, एक उरलं. सांधा मात्र राहिला." वर्गात कोणी बोललं नाही. देवाला वाहायचं बेलाचं पान आणि बाजारात पाटीवर झाकायला टाकायचं संत्र्याचं पान, एका घरातले निघाले होते आणि खूण इतकी उघड्यावर होती.

मग लिनियस. १७५३ साली त्यानं वनस्पतींच्या जाती नोंदवल्या तेव्हा या लिंबूवर्गातल्या दोन मुख्य जाती कशावर वेगळ्या काढल्या? देठावर. देठ सरळ, बिनपंखाचा, तर ती मेडिका, म्हणजे महाळुंग. देठाला पंख, तर ती ऑरँटियम, म्हणजे नारिंग. लिंबू त्यानं महाळुंगाच्या पोटात घातलं. पपनस आणि गोड संत्री नारिंगाच्या.

मी वहीत लिहिणं थांबवलं. देठाचा पंख. मोठीमायचं नख. स्वीडनमधला तो माणूस आणि सौंसरच्या वाटेवरची एक निरक्षर बाई, दोघंही पानाच्या नेमक्या त्याच जागेवर थांबले होते. मी हे सरांना सांगितलं. ते हसले नाहीत. "मला त्यांच्याकडे घेऊन चल," म्हणाले, आणि खरोखरच पुढच्या रविवारी सायकल घेऊन आले. दोघं दोन तास वाफ्यावर बसले होते. बोलले फार थोडं.

रूपावरून जाती ठरवायची ही रीत जगात सगळ्यात जुनी आणि आजही सगळ्यात जास्त वापरात असलेली आहे. झाड पाहायचं, दुसऱ्याशी ताडायचं, खुणा मांडायच्या. जंगलात, बाजारात, वैद्याच्या ओसरीवर दुसरं काही चालत नाही. पण खूण किती मोठी मानायची, हे झाड सांगत नाही. सरांनी त्यासाठी आम्हाला दोन नावं दिली. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ स्विंगल यानं १९४३ साली लिंबूवर्गात १६ जाती मानल्या. जपानी तानाका यानं शेवटी १६२. तीच झाडं, तीच फळं. मला राग आला. मी विचारलं, "मग खरं कोण?"

"दोघांनीही आयुष्यभर झाडं पाहिली," सर म्हणाले. "एक फरकाला कुटुंबातलं भांडण समजला, दुसरा वाटणी."

त्याच आठवड्यात त्यांनी पळस आणला. आमच्या गोटमारीच्या, म्हणजे दगडफेकीच्या खेळाच्या दिवशी जाम नदीच्या पात्रात रोवतात तोच पळस, केशरी फुलांचा, आणि दुसऱ्या कागदात गुंडाळलेलं एक पिवळं फूल. कुठलं ते त्यांनी सांगितलं नाही, कारण पिवळ्या पळसाखाली धन असतं म्हणून लोक मुळं खणतात. मध्य प्रांतातल्या जंगलांतल्या झाडांची यादी करणारा विट नावाचा वन अधिकारी होता. त्यानं पिवळ्याला पळसाचाच प्रकार मानलं आणि 'ल्युटिया' म्हटलं, म्हणजे नुसतं पिवळा. रंग एवढा वेगळा, तरी जाती वेगळी केली नाही. आमच्या पोरांपैकी कोणीही असतं तर केली असती.

दगडांतही हेच चालतं हे त्यांच्याकडूनच कळलं. आमच्या सौंसरचं नाव भूशास्त्रात एका अतिप्राचीन खडकसमूहाला आहे, ज्यात मँगनीज सापडतं. फर्मोर या भूवैज्ञानिकानं छिंदवाडा जिल्ह्यातल्या सीतापारच्या खाणीतून एक खनिज नवं म्हणून नोंदवलं, सीतापाराइट. पुढे ते अमेरिकेतल्या युटामधून आधीच नोंदलेलं बिक्स्बाइट निघालं. आधीचं नाव टिकलं, सीतापार गेलं. मला त्या नावाचं आजही वाईट वाटतं.

एकदा मात्र सर वर्गात चिडले. एका मुलानं दुसऱ्याला त्याच्या नाकावरून, रंगावरून अमक्या जातीचा म्हटलं. सरांनी खडू ठेवला. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ले हा माणसांच्या नाकांची रुंदी आणि लांबी मोजून त्यांच्या पायऱ्या लावत होता, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. "मोजपट्टी खरी होती, आकडे खरे होते," ते म्हणाले. "पायऱ्या त्यानं घरून आणल्या होत्या." जीवशास्त्रात जाती हा शब्द उच्चारताना आधी जीभ धुवून घ्या, असं ते म्हणायचे. माणसांमध्ये जाती एकच आहे. ते वाक्य त्यांनी वर्षभर, दर काही दिवसांनी, पुन्हा पुन्हा म्हटलं. आमच्या गावांना त्याची गरज होती.

नागपूरच्या कॉलेजचा अर्ज सरांनी भरला, प्रवेशाचे पैसे त्यांनी भरले, आणि निघताना ते भिंग माझ्या हातात ठेवलं. पैसे मी परत केले. भिंग अजून माझ्याकडे आहे, पितळेची कड झिजलेली.

सौंसरहून नॅरोगेजच्या गाडीनं मी नागपूरला जायची. तिथं पहिल्यांदा हर्बेरियम पाहिलं. वाळवलेल्या फांद्या कागदावर शिवलेल्या, कोपऱ्यात चिठ्ठी, कोणी, कधी, कुठून. आणि प्ररूप ही कल्पना, जिला आम्ही सगळे टाइपच म्हणतो. नव्या जातीला नाव देताना एक नमुना नेमायचा. ते नाव कायमचं त्या नमुन्याला बांधलेलं. पुढे वाद झाला तर सगळे त्या कागदापाशी परत येतात. मी या व्यवस्थेच्या प्रेमात पडले. मला वाटलं, हा तो नमुना, हा आदर्श. बाकी सगळी झाडं याच्याशी जुळली तर खरी.

एम.एस्सी.च्या प्रबंधिकेला मी जंबेरीच घेतली. सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा भागातून ४० फांद्या आणल्या, वाळवल्या, मोजल्या. ३४ इतक्या छान जुळल्या की आलेखाची रेघ सरळ. सहा बसत नव्हत्या. पानं आखूड, पंख रुंद, एकीच्या काट्यांना काही धरबंधच नव्हता. मी त्या सहा काढून टाकल्या. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. आलेख पाहून म्हणाले, "फारच सारख्या आहेत. निवडून घेतल्या का?" मी अभिमानानं सांगितलं की सहा विकृत होत्या, त्या वगळल्या.

"कुठं आहेत त्या?"

मी त्या वसतिगृहाच्या मागच्या कचऱ्यात टाकल्या होत्या.

ते काही बोलले नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. पण मला खोलीतून बाहेर पडताना डोळ्यांपुढे ते फुटकं घमेलं दिसत होतं. तीन ढिगांतला तिसरा ढीग माझ्याकडे नव्हता. जिनं मला निवडायला शिकवलं, तिनं चाळीस वर्षांत जे एकदाही केलं नव्हतं, ते मी केलं होतं.

प्ररूप म्हणजे आदर्श नव्हे, हे मला त्यानंतर समजलं. तो नावाचा खुंटा आहे. जनावर कुठंही चरो, दावं त्याला बांधलेलं. खुंट्यानं जनावर कसं दिसावं हे ठरवायचं नसतं. आणि कधी कधी खुंटाही नसतो. आपल्या संत्र्याला 'सिट्रस रेटिक्युलाटा' हे नाव फिलिपिन्समधल्या ब्लांको या स्पॅनिश धर्मगुरूनं १८३७ साली दिलं. त्यानं वर्णन लिहिलं, पण नमुने जपून ठेवलेच नाहीत. जवळजवळ ऐंशी वर्षांनी मेरिल हा अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लांकोची वर्णनं हातात घेऊन तिथल्या बेटांवर झाडं हुडकत फिरला. सौंसरच्या आठवडी बाजारात पाट्याच्या पाट्या भरून येणाऱ्या फळाच्या नावामागे मूळ फांदी नाही. जंबेरीचं मात्र नाव आपलंच आहे. लशिंग्टननं १९१० साली ते देताना देशी शब्दच लॅटिनमध्ये उचलला, सिट्रस जंभिरी.

आणि ती "आईवर गेलेली" रोपं. भ्रूणविज्ञानाच्या पुस्तकात ते पान वाचलं तेव्हा मी ग्रंथालयात उभी राहिले. संत्र्याच्या एका बीत अनेक अंकुर असतात हे लेव्हनहूकनं १७१९ मध्येच पाहिलं होतं. ते का, हे स्ट्रासबुर्गरनं १८७८ मध्ये दाखवलं. बीच्या आत फलनातून एक भ्रूण तयार होतो, आईबाप दोघांचा. पण त्याच्या भोवतीच्या आईच्या पेशींमधूनही भ्रूण फुटतात. त्यांना बाप नाही. ते निव्वळ आईच, पुन्हा. जंबेरीच्या वाफ्यातली ती शंभरात नव्वदच्या आसपास एकसारखी रोपं म्हणजे आईच्या प्रती, आणि जे थबकायला लावतं ते एखादं रोप म्हणजे परागातून, बापाकडून काही घेऊन आलेलं खरं मूल. मोठीमाय शब्दशः बरोबर बोलत होती. उपमा म्हणून नव्हे. आईवर गेलं. बापावर गेलं.

मायरनं १९४२ साली जातीची दुसरी व्याख्या मांडली. जे आपसात प्रजनन करतात ती एक जाती, रूप काही असो. पक्ष्यांना ती छान बसते. संत्र्याच्या बगीच्यात ती येऊन गोंधळते. इथं संत्रं मोसंबीशी जुळतं, पपनस महाळुंगाशी, आणि झालेलं पोर बापाशिवाय आपल्या प्रती काढत शतकानुशतकं चालतं. एकदा झालेला संकर, मग हजारो एकसारखी झाडं. पाहणारा म्हणणार, एवढी सारखी, म्हणजे वेगळी जातीच. तानाकाचे १६२ असेच भरले.

दिवाळीत घरी गेल्यावर मी मोठीमायला हे सगळं सांगितलं. ती डोळे बांधत होती. खुंटाला उभी-आडवी चीर, साल अलगद उचलायची, संत्र्याचा डोळा आत सरकवायचा, पट्टी आवळायची. माझं बोलणं संपेपर्यंत तिनं अकरा कलमं बांधली. मग म्हणाली, "मंग बापाचं कोणतं झाड होतं ते समजते का?"

मी म्हटलं, एका रीतीनं समजतं. तीन दलांच्या पानाचं एक जंगली संत्रं असतं, त्याचा पराग लावला तर खऱ्या पोरांना तीन-तीन दलं फुटतात. लपता येत नाही.

"बेलावाणी," ती म्हणाली.

"बेलावाणी."

नोकरी लागली तेव्हा पहिल्या दोन पगारांतून १४० कलमांचे पैसे, जुन्या भावानं, मी तिच्यापुढे ठेवले. मला वाटलं होतं ती हात जोडेल, नको म्हणेल. तिनं घेतले. दोनदा मोजले, बटव्यात ठेवले आणि ओल्या फडक्यानं भिंतीवरच्या रेघा पुसल्या. "हिशोब झाला," म्हणाली. "आता जूनमधी येशील तं मजुरी घेशील." त्या जूनमध्ये मी गेले. संध्याकाळी बाकीच्या बायांच्या रांगेत मला उभं करून तिनं दिवसाची मजुरी हातावर ठेवली. कपाटात ती नोट अजून घडी करून आहे.

२०१८ साली लिंबूवर्गाच्या जनुकसंचांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. महाळुंग, पपनस आणि संत्र्याचे जंगली पूर्वज अशा थोड्या मूळ जातींच्या संकरातून आपली बहुतेक फळं आली, आणि या सगळ्यांचं माहेर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याकडे, असं त्यात दिसलं. जंबेरीसुद्धा संकरच. आई संत्र्याच्या गोतातली, बाप महाळुंग. म्हणजे कधीकाळी कुठल्या तरी वाफ्यात, आईसारखं न दिसणारं एक रोप उगवलं होतं. कोणाचा तरी हात त्याच्याशी थांबला आणि त्यानं ते उपटून टाकलं नाही. आज सौंसर-पांढुर्ण्यापासून काटोल-वरुडपर्यंत कितीतरी संत्री त्या एका रोपाच्या प्रतींवर उभी आहेत, लेकीच्या पायांवर आई.

तेव्हा मोठीमाय ऐंशीच्या पुढे होती. पन्हेरी सून पाहायची. हिरव्या जाळीखाली, काळ्या पिशव्यांमध्ये. निवडणीला मात्र म्हातारीला खाट टाकून बसवत. धुऱ्यावरच्या त्या जुन्या झाडांपैकी सात उरली होती. मी भिंग घेऊन एकेका झाडाखाली बसले. एकाची फळं पपनसासारखी जाड सालीची, एकाची लिंबाएवढी, एकाला तर फळच नाही, नुसते काटे. एकाच्या देठाचा पंख इतका रुंद की पानावर दुसरं छोटं पान बसल्यासारखा. त्याची फांदी मी घेतली. कागदावर पसरली, सुईदोऱ्यानं शिवली, चिठ्ठी लिहिली. जातीच्या जागी काही लिहिलं नाही. स्थानिक नावाच्या जागी तिचे शब्द लिहिले. संग्राहकाच्या जागी तिचं नाव.

कागद मी तिच्या मांडीवर ठेवला. तिला आता डोळ्यांनी कमी दिसायचं. तिनं बोटं फिरवली, पान, मग देठ, मग काटा. दोरा चाचपला. मग कपाळाला आठी घातली.

"सारे पानं तोंड वर करून लावले."

"हो."

"पाठ कोण पाहीन? एक उलटं लाव."

मी सुई काढली, शेवटच्या पानाचा टाका उसवला आणि ते पान उलटं केलं.